इल्ला की इल्ले

जेवणं झाली आणि सगळं रान पेंगुळलं. वेळ अमावस्येचं, रानातल्या पूजेचं जेवण हे जेवण नसतंच, ती गुंगी असते. भज्जी, बाजरीचे उंडे, शेंगापोळी, खीर आणि वरून मडक्यातली गार आंबील, एवढं पोटात गेलं की भलेभले वाद आडवे होतात. दाक्षायणीआत्यानं सकाळपासून याच भरवशावर सगळ्यांना वाढलं होतं. पानात उंडा ठेवताना ती प्रत्येकाला बजावत होती, "आधी खावा. भांडायला अख्खा दिवस पडलाय." आणि खाऊन झाल्यावर खरोखरच कुणाला भांडायची शुद्ध राहिली नव्हती.

महेश्वरी कडब्याच्या खोपीला टेकून बसली होती. खोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, त्यांच्यापुढं नैवेद्य. छातीएवढ्या शाळवातून वारा जायचा तेव्हा पानांचा बारीक आवाज व्हायचा आणि त्या आवाजात कुणीतरी बोलल्याचा तिला भास व्हायचा. चैत्रापासून तिचं हे असंच चाललं होतं. नळाच्या धारेत, कुकरच्या वाफेत, कशातही तिला ते दोन शब्द ऐकू यायचे, कधी एक, कधी दुसरा. मग ती हातातलं काम सोडून ऐकत उभी राहायची आणि दूध उतू जायचं.

खोपीच्या एका अंगाला तिचा नवरा गुरुशांत सतरंजीवर उताणा पडला होता. डोळे उघडे, उजवा हात छातीवर. त्या हाताची बोटं आता पुरती मिटत नव्हती. दुसऱ्या अंगाला चिंचेखाली तिचे वडील चनबसप्पा सगळ्यांकडं पाठ करून बसले होते. मधल्या जागेत आत्या भांडी आवरत होती. आत्या म्हणजे चनबसप्पांची थोरली बहीण आणि गुरुशांतची आई. मामाची मुलगी करून घ्यायची चाल या घरात जुनी, त्यामुळं महेश्वरीला आत्याच सासू मिळाली. लग्नात सगळे म्हणाले होते, पोरीचं नशीब बघा, माहेरातून माहेरात गेली. नाती एवढी जवळ आणली की भांडायलासुद्धा लांब जावं लागत नाही, हे मात्र तेव्हा कुणी बोललं नव्हतं.

आग लागली ती सुट्टीच्या दिवशी, चनबसप्पांच्या टॉवेलच्या कारखान्याला. गुरुशांत महापालिकेच्या अग्निशमन दलात. वर्दी आली, गाडी निघाली, आणि फाटकाशी पोचल्यावर त्याला दिसलं की हा तर मामाचाच कारखाना. चनबसप्पा फाटकात उभे, मागं त्यांची मोटार, मोटारीत महेश्वरी. पंप सुरू झालेला, धूर, आरडाओरडा. मामाशी गुरुशांत कायम कानडीतच बोलायचा. त्यानं लांबूनच कानडीत विचारलं, आत कुणी आहे का? चनबसप्पांनी ओरडून उत्तर दिलं.

त्यांचं म्हणणं, त्यांनी उत्तर दिलं "यारू इल्ला", कुणी नाही. गुरुशांतचं म्हणणं, त्याला ऐकू आलं "यारो इल्ले", कुणीतरी इथंच आहे. यारू काय आणि यारो काय, गोंगाटात सारखंच; उरला शेवटच्या एका स्वराचा फरक. एक शब्द माणसाला फाटकाबाहेर उभं करतो आणि दुसरा त्याला आगीत ढकलतो.

तो आत गेला. मागून साथीदार पाण्याचा फवारा मारत होते. मागच्या खोलीत हायड्रोसची पिंपं होती. सूत रंगवताना ही पावडर लागते, आणि तिला पाणी लागलं की ती स्वतःच पेटते, हे रंगारी, मालक, हमाल सगळ्यांना ठाऊक असतं. फाटकात मात्र ते कुणी बोललं नाही. पाणी पिंपांवर पडलं आणि गुरुशांतचा उजवा हात, खांदा आणि गळा भाजून निघाला. जीव वाचला. आता दलानं त्याला टेलिफोनवर बसवलं होतं, तेही आवाज एवढा चिरका झाला असताना.

आत कुणीच नव्हतं. पण गुरुशांतला ते पटत नव्हतं. रोज पहाटे तो उठून बसायचा आणि सांगायचा, "आजबी बसला हुता. गठ्ठ्यांच्या मागं. पाठमोरा." कोण, ते त्याला कळायचं नाही. कधीतरी तो तोंड वळवेल याची गुरुशांत वाट बघत होता, आणि महेश्वरीला त्याचीच भीती वाटायची.

जेवणाआधी सगळे रानाला फेरी घालायला निघाले होते, पुढं चनबसप्पा आंबिलीचं मडकं घेऊन, मागं बाकीचे "ओलगे, ओलगे" करत पिकावर आंबील शिंपत. हे काय ओरडतात ते कुणालाच ठाऊक नाही. कानडीतलं काहीतरी मराठीच्या तोंडात पडून झिजलंय, असं चनबसप्पांचा बाप, आज्जा, म्हणायचा. दरवर्षी सगळ्यांत मोठा आवाज गुरुशांतचा असायचा. यंदा तो नुसते ओठ हलवत मागं चालला होता. मध्येच थांबून तो महेश्वरीला म्हणाला, "वळग, वळग म्हणत्यात बग सगळी." वळग म्हणजे कानडीत आत. तिनं त्याचा डावा हात धरला आणि फेरी पुरी केली.

आता उन्हं कलली तसं शिवानीनं तोंड उघडलं. शिवानी गुरुशांतची धाकटी बहीण, सोलापूरच्या कोर्टात वकिली करते. पोटात कितीही उंडे गेले तरी तिला झोप येत नाही.

"अण्णा, जागा हायस न्हवं?"

"हाय."

"मग सांग. उद्या नोटीस लावू का नको?"

"झालं," आत्या पातेलं आपटून म्हणाली. "जिरले हिचे उंडे."

"अव्वा, कोर्टाची मुदत आपल्यासाठी थांबत न्हाई."

चिंचेखालून चनबसप्पा मान न वळवता बोलले. "लाव की. सख्ख्या मामावर केस कर. आज्जानं दोघा भावंडांना एक रान ठेवलं ते त्यासाठीच की."

"मामा, तुमच्यावर न्हाई, कारखान्यावर."

"कारखाना काय येगळा हाय? मीच कारखाना." आता ते वळले. रागानं त्यांचा चेहरा लहान पोरासारखा व्हायचा, ओठ पुढं यायचा. "आग विझवणारा माणूस आगीत भाजला म्हणून आग लागलेल्यावर केस करायची? उद्या पोहणारा भिजला म्हणून विहिरीवर करशील."

गुरुशांत हसला. घशातून नुसतीच हवा आली, पण तो हसला हे महेश्वरीला कळलं. दलातले त्याचे साथीदार हेच म्हणत होते, आपलं कामच ते गड्या, पोळलं तर बोलायचं कुणाला? त्यालाही आतून तसंच वाटत होतं. केस केली तर आपण भित्रे ठरू, हे त्यानं तिला एकदा बोलूनही दाखवलं होतं.

शिवानी मांडी घालून नीट बसली. "मामा, तुमचा वकील कोर्टात हेच म्हणंल, आणि त्यात दम हाय, मी खोटं सांगत न्हाई. ज्यानं आपणहून धोका पत्करला त्यानं मग रडायचं न्हाई, असं कायदा म्हणतो. परदेशात कोर्टांनी यावर लई घोळ घातलाय. कुटं अशी केस चालती, कुटं दारातनंच परत पाठवत्यात. आपल्याकडं कुणी विचारायलाच जात न्हाई. महापालिका देईल ते देईल आन् माणूस गप बसतो."

"मग गप बसा की."

"पण अण्णानं पत्करली ती आग. धूर पत्करला, छप्पर पडायचं भ्या पत्करलं. हायड्रोस न्हाई पत्करलं. ते आत हाय हेच त्याला ठाऊक नव्हतं. जे ठाऊकच न्हाई ते पत्करणार कसं? आन् ज्याला ठाऊक हुतं तो माणूस फाटकात उभा हुता."

"मी त्याला आत जा म्हणलोच न्हाई," चनबसप्पा म्हणाले. "यारू इल्ला म्हणलो. कुणी न्हाई म्हणल्यावर आत जायचं कारण काय? तो आपण होऊन गेला."

"इल्ले म्हणाले मामा," गुरुशांत पडल्यापडल्या शिवानीला म्हणाला.

"इल्ला."

"इल्ले."

मग सगळे महेश्वरीकडं बघायला लागले, जसे ते चैत्रापासून बघत होते. मोटारीत ती वडिलांच्या अगदी मागं बसलेली. काच खाली होती. काय ऐकलंस, असं तिला आत्यानं विचारलं होतं, अप्पांनी विचारलं होतं, शिवानीनं तर दोनदोनदा. ती म्हणायची, गोंधळ हुता, आठवत न्हाई.

तिला आठवत होतं. इल्ला, असंच ऐकलं होतं तिनं. ते बोललं तर कोर्टात अप्पा सुटणार आणि नवऱ्याला सगळे म्हणणार, कुणी नाही सांगूनसुद्धा गेला, स्वतःच्या हौसेनं भाजला. इल्ले म्हणावं तर ते खोटं, आणि त्या खोट्यानं जन्मदाता बुडणार. नवऱ्याला एकट्याला कानात सांगावं, तर तो सरळ जाऊन कोर्टात तेच सांगणार, खोटं त्याला पेलत नाही. बिचारीनं मग विसरल्याचं सोंग घेतलं होतं. पण सोंगसुद्धा किती महिने वठवायचं? मनातल्या मनात दोन्ही शब्द इतके वेळा म्हणून झाले होते की आपण खरं काय ऐकलं याचीच तिला कधीकधी शंका यायची.

"तिला कशाला छळताय?" आत्या म्हणाली. "उठा, सूर्य चाललाय. दूध उतू घालायचं हाय." ती केस नको म्हणणाऱ्यांतली. भावाची बाजू म्हणून नव्हे, ती फक्त म्हणायची, माझं माहेर आणि माझा लेक एकाच घरात आहेत, घर पाडून कुणाला बाहेर काढू?

तीन दगडांच्या चुलीवर नवं मडकं ठेवलं. दूध ज्या दिशेला उतू जाईल त्या अंगाचं पीक चांगलं येतं. आत्यानं गोवऱ्या रचल्या, कमरेला चाचपलं आणि चिंचेकडं बघून कानडीत ओरडून विचारलं, काडीपेटी आहे का रे तिथं? वारा सुटला होता. चनबसप्पांनी अंगरख्याचे खिसे झटकले आणि ओरडून उत्तर दिलं.

आत्या तरातरा चिंचेखाली गेली. तिनं पिशवी उलटी केली, सतरंजी उचलली, चनबसप्पांना उठवून त्यांच्या बुडाखाली बघितलं.

"काय शोधतीस अक्का?"

"काडीपेटी. इल्ले म्हणालास की. कुटं हाय?"

"मी इल्ला म्हणलो."

"इल्ले म्हणालास. मी काय भैरी हाय?"

"इल्ला म्हणलो, ए," चनबसप्पा चिडून म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

त्यांची ती लहानपणापासूनची खोड. लांबच्या माणसाला हाक देताना वाक्याच्या शेवटी एक "ए" जोडायचा. बस, ए. चल, ए. घरातली पोरं त्यांची नक्कल करायची. इल्ला, ए. वाऱ्यातून किंवा पंपाच्या गोंगाटातून तो "ए" मागच्या शब्दाला जाऊन चिकटला की लांबच्या माणसाला इल्लेच ऐकू येणार. इतके महिने दोन घरं एकमेकांना खोटारडी म्हणत होती आणि दोन्ही खरं बोलत होती.

आत्या सतरंजी हातात धरून तशीच उभी. महेश्वरीनं नवऱ्याकडं बघितलं. तो उठून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांत पहाटेचं ते भेदरलेपण होतं.

तिला एकदम वाटलं, आता पुरे. ती उठून त्याच्याजवळ गेली. "अवो, मी ऐकलं हुतं. मी मागंच बसले हुते. अप्पा इल्ला म्हणाले. कुणी न्हाई, असं म्हणाले."

"वैनी," शिवानी हळूच म्हणाली, "जरा दमानं."

"दमानंच हाय मी. कोर्टातबी हेच सांगणार."

चनबसप्पांचा चेहरा उजळला. "ऐकलंस का ग शिवानी? पोरीनं सांगितलं. माझी पोरगी."

पण गुरुशांतचं तिकडं लक्ष नव्हतं. तो महेश्वरीचं तोंड निरखत होता. "म्हंजे गठ्ठ्यांच्या मागं कुणी नव्हतं?"

"नव्हतं."

"मी कुणाला सोडून आलो न्हाई?"

"न्हाई वो. कुणीच नव्हतं तितं."

त्यानं श्वास सोडला. इतका लांब श्वास त्या भाजलेल्या छातीतून गेल्या कित्येक महिन्यांत निघाला नव्हता. मग त्यानं डावा हात डोळ्यांवर घेतला आणि तो रडला, आवाज न होता, खांदे हलवत. महेश्वरी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली. तिलाही रडू येत होतं, पण तिचं काम अजून संपलं नव्हतं.

ती वडिलांकडं वळली. "अप्पा, इल्ला म्हणालात ते मी सांगणार. आता मला येवढं सांगा. हायड्रोसचं का न्हाई बोललात?"

"घाईत हुतो."

"इल्ला म्हणायला येळ मिळाला की."

"घरचा माणूस तो. सूत रंगवायच्या खोलीत काय असतंय, त्याला म्हाईत असणारच की. घरच्याला काय सांगायचं?"

हे या घराचं जुनं वाक्य. बांधापलीकडं विहीर होती, काठाला गवत माजलेलं, कठडा नाही. आज्जाच्या वेळी तिच्यात एक पाहुणा पडला, त्याला दोरानं काढलं, तरी आज्जानं कठडा बांधला नाही. म्हणाला, पाहुण्याला दाखवायची, घरच्याला काय दाखवायचं? घरच्याला म्हाईत असतंय. तेव्हापासून या घरात कुणी कुणाला काही दाखवत नाही.

"अप्पा," महेश्वरी म्हणाली. "त्यांना म्हाईत नव्हतं, हे तुमाला म्हाईत हुतं."

चनबसप्पांनी जमिनीवरची चिंचेची काडी उचलली, मोडली, टाकली. सूर्य शाळवाला टेकला होता आणि त्या तांबूस उजेडात ते एकाएकी म्हातारे दिसले. बोलले तेव्हा आवाज इतका खाली गेला होता की शब्द नीट ऐकायला सगळ्यांना वाकावं लागलं.

"पाणी थांबवलं असतं त्यांनी. हायड्रोस हाय म्हणलो असतो तर पाणी बंद केलं असतं. समदे यंत्रमाग जळून गेले असते. मला वाटलं, मागल्या खोलीपर्यंत पाणी जायचं न्हाई. तो आत जाईल असं मला वाटलंच न्हाई, मी तर इल्ला म्हणलो हुतो."

बोलली ती आत्या. तिनं सतरंजीची घडी घातली, नीट, टोकाला टोक लावून. "चनबसू, उद्या शिवानी नोटीस लावंल. ती घे. तुझा वकील लावायचा तो लाव. पण आत्ता हितं बोललास ते तितं फिरवू नको."

"अक्का, तू पण?"

"मी कुटं गेले न्हाई. हितंच हाय. इल्ले."

हसावं की रडावं ते कुणाला कळलं नाही. गुरुशांतनं डोळे पुसले. "लाव नोटीस," तो शिवानीला म्हणाला. "आगीसाठी न्हाई. आग माझी. त्या पिंपासाठी लाव."

काडीपेटी शेवटी आत्याच्याच केळ्यात सापडली, नेसूच्या गाठीत. मडक्याखाली जाळ झाला. दूध आधी उगवतीला फुगलं, मग वारं फिरलं आणि चारी बाजूंनी उतू गेलं. याचा अर्थ काय ते सांगायला आज्जा नव्हता.

मग टेंभा. कडब्याची पेंडी पेटवून रानाच्या कडेनं फिरवायची आणि या घरात ती जावयानं धरायची. महेश्वरीला वाटलं होतं यंदा कुणी विषयच काढणार नाही. पण गुरुशांत उठला, पेंडी डाव्या हातात घेतली आणि चुलीशी वाकला.

"अवो, नका."

"धरतो. जाळ बघून घाबरायला लागलो तर टेलिफोनवर तरी कशाला बसवतील मला?"

पेंडी पेटली. चेहऱ्यावर उजेड पडला तसा तो क्षणभर डळमळला, मग चालायला लागला. अंधार पडत होता, उजेडाचा एक गोळा शाळवाच्या कडेनं तरंगत निघाला. डोळ्यांपुढं एवढा जाळ धरल्यावर माणसाला पायाखालचं दिसत नाही. त्याच्या मागं महेश्वरी. तिच्या मागं शिवानी आणि आत्या. "ओलगे" कुणाच्याच तोंडून निघेना.

चिंचेखालून एक सावली उठली आणि धापा टाकत त्यांना ओलांडून पुढं गेली. चनबसप्पा जावयाच्या मागं, हातभर अंतरावर चालू लागले.

"फुडं बांध हाय," ते म्हणाले. मराठीत. मामानं भाच्याशी मराठीत बोललेलं महेश्वरीनं जन्मात ऐकलं नव्हतं.

गुरुशांतनं पाऊल उचलून टाकलं.

"डाव्या अंगाला बाभळीची फांदी हाय. वाळल्याली. टेंभा जरा बाजूला धर."

त्यानं टेंभा बाजूला धरला.

"हितनं फुडं विहीर हाय, गुरुशांत. काठाला गवात हाय, दिसत न्हाई. कठडा न्हाई तिला." शब्दाशब्दाला ते थांबत होते, आणि शेवटी "ए" म्हणाले नाहीत.

उजेड थांबला. उद्याची नोटीस थांबणार नव्हती, ते त्या दोघांनाही ठाऊक होतं. गुरुशांत मागं न वळता, त्या चिरक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाला, "ऐकलं, मामा." आणि विहिरीला लांबून वळसा घालून पुढं निघाला.